वंशाला मूल की मुलाला घर?

सुरतेत तीन-चार पिढ्यांपासून राहणाऱ्या मराठी घरांना 'दत्तक' हा शब्द नवा नाही. कोणाचे पणजोबा दत्तक आलेले असतात, कोणाच्या घराण्यातला धाकटा मुलगा काकांच्या मांडीवर दिलेला असतो. लग्नाची बोलणी सुरू झाली की मूळ गाव, कुलदैवत आणि गोत्र यांच्याबरोबर 'घराणे दत्तक का?' हा प्रश्नही हळूच पुढे येतो. गुजराती शेजारी याच गोष्टीला 'खोळे लेवुं' म्हणतात. मांडी काय आणि खोळा काय, अर्थ एकच. परक्याचे मूल आपल्या कुशीत घेणे.

या अंकात आम्ही या जुन्या विषयाकडे एका नव्या आणि निकडीच्या कारणासाठी वळत आहोत. ज्यांना आईबाप नाहीत, किंवा आईबाप असूनही जे त्यांना सांभाळू शकत नाहीत, अशा मुलांसाठी कायद्याने एक व्यवस्था उभी केली आहे. कागदावर ती चांगली आहे. पण तिला चालवायला लागतात घरे, आणि घरे कचेरीत तयार होत नाहीत. ती समाजातूनच यावी लागतात. सरकारने ती मागायला आपल्या दारी आले पाहिजे, आणि सरकार येत नसेल तर आपण त्याला हाक मारली पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते सविस्तर मांडतो.

१८७५ हे साल आपल्या वाचकांना ठाऊक आहे. त्या वर्षी इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना बडोद्याच्या गादीवरून दूर केले, आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या बारा वर्षांच्या गोपाळरावाला दत्तक घेतले. तेच पुढे महाराजा सयाजीराव झाले. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ पासून साऱ्या संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सुरतेला लागून असलेला नवसारी प्रांत त्यांच्याच राज्यात होता. एका खेड्यातल्या मुलाला घर मिळाले आणि लाखो मुलांना शाळा मिळाली. गुजरातेतील मराठी माणसाने या दत्तकाचा अभिमान बाळगावा हे योग्यच आहे.

पण त्याच १८७५ सालाशी पंढरपुरातील आणखी एक गोष्ट जोडलेली आहे. तिची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी नावाचे गुजराती गृहस्थ तेथे न्यायाधीश होते. यात्रेच्या निमित्ताने येऊन गुपचूप बाळंत होणाऱ्या आणि लोकलाजेस्तव मूल टाकून जाणाऱ्या विधवांचे हाल त्यांच्या डोळ्यांसमोर होते. त्यांनी तेथे टाकलेल्या अर्भकांसाठी व अनाथ मुलांसाठी आश्रय उभा केला. मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो पुढे चालविला, आणि वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम या नावाने तो ओळखला जातो. याच लालशंकरांनी १८९२ साली अहमदाबादेत अनाथाश्रम काढला आणि त्याला महिपतराम रूपराम यांचे नाव दिले. महिपतराम हे जन्माने आपल्या सुरतेचे. म्हणजे एका गुजराती माणसाने विठ्ठलाच्या दारी टाकलेली आपली मराठी लेकरे उचलली. गुजरातेत राहून, येथले अन्न खाऊन मोठ्या झालेल्या मराठी समाजावर हे जुने ऋण आहे, असे आम्ही मानतो.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी हे काम त्याआधीच, १८६३ साली, आपल्या घरात सुरू केले होते. १८७४ साली त्यांनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंच्या बरोबरीने त्याने रोग्यांची सेवा केली. त्याच सेवेत सावित्रीबाई गेल्या. फुले दांपत्याने मूल निवडताना जात पाहिली नाही, कूळ पाहिले नाही. मुलाला घराची गरज होती, एवढेच पाहिले.

बडोद्याच्या गादीला वारस हवा होता, म्हणून मूल शोधले गेले. पंढरपूरच्या अर्भकांना छप्पर हवे होते, म्हणून घर शोधले गेले. आपल्या समाजाला पहिली रीत पाठ आहे. दुसरी आपण थोर माणसांवर सोपवून मोकळे झालो आहोत. आजचा कायदा मात्र दुसऱ्या रीतीवर उभा आहे, आणि म्हणूनच तो आपल्याला थोडा परका वाटतो.

या कायद्याची ओळख थोडक्यात करून देणे आवश्यक आहे, कारण आपल्या मंडळींत याविषयी अर्धवट माहिती फार आहे. मूल घरात आणण्याचे आज तीन रस्ते आहेत. पहिला जुना. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखाली नात्यातले किंवा ओळखीतले मूल त्याच्या आईबापांच्या संमतीने घेता येते. मूल साधारणपणे पंधरा वर्षांखालील असावे लागते आणि त्यासाठी पैशांची देवाणघेवाण करण्यास मनाई आहे. दुसरा रस्ता २०१५ च्या बाल न्याय कायद्याचा. अनाथ, टाकून दिलेले किंवा आईबापांनी स्वेच्छेने सोपविलेले मूल बालकल्याण समितीपुढे येते. समिती चौकशी करून ते दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मोकळे झाल्याचे जाहीर करते. मग दिल्लीच्या केंद्रीय दत्तक संस्थेच्या, म्हणजे 'कारा'च्या, यादीप्रमाणे ते इच्छुक पालकांना मिळते. पूर्वी यावर कोर्टाचा हुकूम लागे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर, सप्टेंबर २०२२ पासून, हा हुकूम जिल्हाधिकारी देतात. असे मूल सर्व अर्थांनी त्या घराचे होते, वारसाहक्कासह.

तिसरा रस्ता आपल्याकडे जवळजवळ अपरिचित आहे, आणि आजचा आमचा आग्रह त्याच्यासाठीच आहे. त्याला प्रतिपालकत्व म्हणतात. कायद्याच्या ४४ व्या कलमात त्याची तरतूद आहे. यात मूल आपल्या घरी राहते, आपल्या ताटात जेवते, आपल्या घरून शाळेत जाते, पण ते आपल्या नावावर होत नाही. आईबाप तुरुंगात आहेत, आई दीर्घ आजारी आहे, बाप व्यसनात बुडाला आहे आणि घर मुलासाठी सुरक्षित राहिलेले नाही, अशा मुलांसाठी ही सोय आहे. समितीने परवानगी दिली तर खरे आईबाप मुलाला भेटू शकतात, आणि त्यांची स्थिती सुधारली तर मूल परत जाऊही शकते. साधारणपणे सहा वर्षांवरील मुलांसाठी ही योजना आहे. भावंडे असतील तर त्यांना शक्यतो एकत्र ठेवावे, असे कायदा स्पष्ट सांगतो.

या कामासाठी पालक कोण होऊ शकते? पूर्वी फक्त विवाहित जोडप्यांनाच ही मुभा होती. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती बदलली. आता ३५ ते ६० वर्षांची एकटी व्यक्तीही, मग ती अविवाहित असो, विधवा असो वा घटस्फोटित, अर्ज करू शकते. स्त्रीला मुलगा किंवा मुलगी, दोन्ही सांभाळता येतात. एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगा. जोडप्याच्या संसाराला किमान दोन वर्षे झालेली असावीत. आणि दोन वर्षे सांभाळल्यानंतर, ते मूल कायद्याने मोकळे झाले असेल तर, त्याच घराला त्याला दत्तकही घेता येते. ही मुदत आधी पाच वर्षांची होती. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेखाली अशा मुलामागे दरमहा ४,००० रुपये देण्याची तरतूद आहे.

आता आकड्यांकडे वळू. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२२ मध्ये दत्तक कायद्यांवर अहवाल दिला. डिसेंबर २०२१ मध्ये देशात २७,९३९ इच्छुक पालकांची नोंद होती, असे त्यात म्हटले आहे. संस्थांत राहणारी, दत्तक देण्याजोगी मुले होती ६,९९६, आणि त्यांतली कायदेशीररीत्या मोकळी झालेली फक्त २,४३०. वाट पाहण्याचा काळ पाच वर्षांत एका वर्षावरून तीन वर्षांवर गेला होता. त्यानंतर कामाला वेग आला. २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ दत्तकविधाने झाली आणि त्यांतली ४,१५५ देशातल्या देशात झाली. ही चांगली गोष्ट आहे, तिचे श्रेय संबंधितांना दिलेच पाहिजे.

पण या रांगेकडे नीट पाहावे. ती बहुतांशी तान्ह्या, निरोगी बाळांसाठी आहे. आठ वर्षांचा मुलगा, सोबत पाच वर्षांची बहीण, एकाच्या पायात थोडा दोष, अशा जोडीसाठी रांग लागत नाही. आणि ज्याचे आईबाप जिवंत आहेत आणि ज्यांनी त्याला स्वेच्छेने सोपविलेले नाही, त्याला तर सहसा दत्तक देता येत नाही. अशी मुले संस्थेत येतात, संस्थेतच मोठी होतात आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की बाहेर पडतात. संस्था वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. कतारगामचे महाजन अनाथ बालाश्रम आपल्या जुन्या पिढीला चांगले माहीत आहे. वाढदिवसाला, श्राद्धाला तेथे जेवण देणारी घरे आपल्यातही आहेत. पण एका दिवसाचे गोड जेवण आणि रोजची वरणभाताची पंगत यांत फरक आहे. ताप आला की रात्री उशाशी कोण बसते, यावर मूल आपले घर ओळखते. पन्नास मुलांना सांभाळणारी बाई कितीही मायाळू असली तरी तिला दोनच हात असतात.

मग ही मुले सुरतेच्या कुठल्या वस्तीतून येत असतील, याचा विचार करा. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ४४ लाखांवर गेली, त्यानंतर ती वाढतच आहे. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा येथे खानदेशातून आलेली लाखो माणसे लूम आणि डाइंग मिलच्या पाळ्यांवर जगतात. आपल्या जुन्या घरांमागे नात्यागोत्यांचे जाळे आहे. कमावता माणूस गेला तर मामा धावून येतो, मंडळ धावून येते. दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाचे गणगोत धुळ्याला, नंदुरबारला, जळगावला असते. बाप अपघातात गेला किंवा लाजपोरच्या जेलमध्ये गेला की त्या घराला आधार उरत नाही. त्यांची मुले मराठी बोलतात, अहिराणी बोलतात. रडतात तेव्हा त्याच भाषेत रडतात.

येथे आपली जबाबदारी सुरू होते. निवडणूक आली की सर्व पक्ष 'मराठी मतांची' बेरीज करतात, आणि त्या बेरजेत आपण जुने रहिवासी व हे नवे कामगार एकत्र मोजले जातो. मते मोजताना आपण एक समाज असतो. मग त्यांचे लेकरू उघड्यावर पडते तेव्हाही आपण एकच समाज असलो पाहिजे. आपल्या अनेक घरांत आज खोल्या रिकाम्या आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत गेली. पन्नाशीतले आईवडील तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दोघेच राहतात. शाळेत नेण्या-आणण्याची सवय अंगात आहे, अभ्यास घेण्याची हौस आहे, प्रकृती ठीक आहे. मूल आपल्या भाषेच्या, आपल्या चवीच्या घरात गेले तर त्याचे अर्धे दुःख हलके होते. हे काम कोणा परोपकारी संस्थेपेक्षा अशी घरे चांगले करू शकतात.

आमच्याकडे या विषयावर बोलणे निघाले की तीन शंका हमखास ऐकू येतात. पहिली मालमत्तेची. तिचे उत्तर सरळ आहे. प्रतिपालकत्वामुळे मुलाला आपल्या मालमत्तेत वारसाहक्क मिळत नाही. आपल्या मुलांनी घाबरण्याचे कारण नाही.

दुसरी शंका जातीची. ती उघड विचारली जात नाही, 'मूल कुठले?' अशा शब्दांत विचारली जाते. यावर आम्ही गुळमुळीत बोलणार नाही. ज्या समाजाच्या सभागृहात जोतीरावांची आणि सावित्रीबाईंची तसबीर टांगलेली असते, त्याने यशवंताची गोष्ट जाणून घ्यावी आणि मग हा प्रश्न विचारावा की नाही ते ठरवावे. समितीने मूल देताना त्याची भाषा, त्याची सवय पाहावी ही मागणी रास्त आहे, कारण ती मुलाच्या सोयीची आहे. जात पाहणे ही आपली सोय झाली.

तिसरी शंका सर्वांत खरी आहे, आणि ती बहुधा घरातल्या बाईच्या तोंडून येते. 'माया लावायची आणि मग परत द्यायचे, हे कसे जमायचे?' या शंकेपुढे कुठलाही कायदा दाखवून उपयोग नाही. आम्ही एवढेच म्हणू की हे दुःख आपल्या परंपरेने पाहिलेले आहे. कृष्ण मथुरेला गेला म्हणून यशोदेचे आईपण कोणी खोटे ठरविले नाही. कुंतीचा मुलगा असल्याचे कळल्यानंतरही कर्णाने स्वतःला राधेय म्हणवून घेतले. दोन वर्षे मिळालेले घरही मुलाच्या अंगी लागते. ते परत गेले तरी रिकाम्या हाताने जात नाही. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, त्यात कमीपणा नाही. पण झेपणारी माणसे आपल्यात आहेत. त्यांना कोणी विचारलेलेच नाही.

'कोणी विचारलेलेच नाही' हाच आमच्या तक्रारीचा गाभा आहे. इंग्लंडमध्ये हे काम स्थानिक कौन्सिलकडे असते. कौन्सिल पालक कुटुंबांसाठी जाहिराती देते, सभा घेते, प्रशिक्षण देते, भत्ता देते आणि नंतर कार्यकर्ता नेमून चौकशी करीत राहते. ही शिस्त त्यांनाही सहज आलेली नाही. १९४५ साली डेनिस ओ'नील नावाचा बारा वर्षांचा मुलगा ज्या शेतावरील घरात सरकारने ठेवला होता, तेथेच उपासमार आणि मारहाण होऊन मरण पावला. देश हादरला, सरकारी चौकशी झाली आणि त्यानंतर १९४८ चा बाल कायदा आला. त्यातून दोन धडे घेता येतात. घरे शोधण्याचे काम प्रशासनाचे आहे, आणि मूल घरात ठेवल्यावर पाठ फिरविण्याचा अधिकार प्रशासनाला नाही. आपल्या कायद्यातही समितीने पालक कुटुंबाची दरमहा पाहणी करावी असे लिहिले आहे. ही पाहणी म्हणजे आपल्यावरचा अविश्वास असे कोणी समजू नये. ते मुलाचे संरक्षण आहे, आणि चांगल्या पालकाचेही.

आपल्याकडे ही जबाबदारी राज्य सरकारची, आणि जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्षाची आहे. गुजरातीत त्याला 'जिल्ला बाळ सुरक्षा एकम' म्हणतात. पालक व्हायचे असेल तर अर्ज तेथे करायचा. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल तयार करतो, पोलीस पडताळणी व वैद्यकीय तपासणी होते, आणि अंतिम हुकूम बालकल्याण समिती देते. पण आपल्यापैकी किती जणांनी या कचेरीचे नाव ऐकले आहे? आपल्या सोसायटीच्या फलकावर, सिटी बसवर, वेराबिलाच्या मागे 'पालक कुटुंबे हवी आहेत' असे आवाहन किती जणांनी वाचले आहे?

सुरतेला हे अशक्य आहे असे कोणी सांगू नये. १९९४ च्या प्लेगनंतर हे शहर जगात बदनाम झाले होते. १९९५ पासून महापालिकेचे आयुक्त आणि अधिकारी रोज रस्त्यावर उतरले, वस्त्या-वस्त्यांत फिरले, आणि शहर बदलले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीने देशात पहिली आली. कचऱ्यासाठी जे प्रशासन प्रत्येक दारी जाऊ शकते, ते मुलांसाठीही जाऊ शकते. २००६ च्या महापुरात वरच्या मजल्यावरच्या घरांनी खालच्या अनोळखी कुटुंबांना आत घेतले, तेव्हा कोणी जात विचारली नव्हती. या शहराजवळ मन आहे आणि यंत्रणाही आहे. दोघांची गाठ पडली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत. एक, जिल्ह्यात किती मुले पालक कुटुंबाची वाट पाहत आहेत आणि किती कुटुंबे मंजूर झाली आहेत, याचे आकडे दर सहा महिन्यांनी, मुलांची ओळख उघड न करता, जाहीर व्हावेत. दोन, आवाहन आणि अर्ज मराठीतही असावेत. महापालिका गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू या माध्यमांच्या शाळा चालविते. शाळेत जी भाषा चालते ती याही कामात चालली पाहिजे. तीन, समितीपुढे मराठी किंवा अहिराणी बोलणारे मूल आले तर त्याची भाषा समजणारा कार्यकर्ता तेथे हजर असावा. चार, मंजूर झालेली रक्कम वेळेवर मिळावी. रकमेसाठी कचेरीच्या फेऱ्या मारायला लागल्या तर दुसरे कुटुंब पुढे येणार नाही. पाच, मिशन वात्सल्यमध्ये वॉर्ड पातळीवर बाल कल्याण व संरक्षण समितीची तरतूद आहे. प्रत्येक वॉर्डात ती नावापुरती न राहता कामाला लागावी.

२०२१ च्या महापालिका निवडणुकीत ३० वॉर्डांतून १२० नगरसेवक निवडून आले. आपल्या वॉर्डाचा नगरसेवक कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारा की ही समिती शेवटची कधी बसली. मत मागायला येणाऱ्याने गटार, पाणी, रस्ता याबरोबर या प्रश्नाचेही उत्तर तयार ठेवावे. ज्याला मत नाही असा मतदार म्हणजे मूल, आणि त्याच्या वतीने विचारणारे आपणच आहोत.

सरकारकडे बोट दाखविताना आपल्या बाजूचे कामही करायला हवे. आपल्या ओळखीत कितीतरी आजी, मावश्या, काकू आईबाप गेलेल्या नातवंडांना, भाच्यांना सांभाळत आहेत. गुजरात सरकारची पालक माता-पिता योजना अशांसाठीच आहे. आईवडील दोघेही हयात नसतील, किंवा वडील गेले आणि आईने पुनर्विवाह केला असेल, तर मूल सांभाळणाऱ्या नातलगाला दरमहा ३,००० रुपये मिळतात. महाराष्ट्रात बाल संगोपन योजना आहे, २०२३ पासून तिचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावे झाले आणि रक्कम २,२५० रुपये झाली. पण येथे राहणाऱ्याने येथल्या योजनेचा अर्ज करावा. मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते, यांतच पुष्कळ आजीबाई अडकतात. मंडळाच्या तरुणांनी वर्षातले चार रविवार यासाठी दिले तर मोठे काम होईल. हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटण्यापेक्षा बाल संरक्षण कक्षाच्या अधिकाऱ्याला बोलावून अर्धा तास माहिती घ्यावी, असे महिला शाखेला आम्ही सुचवितो. साठी उलटलेल्यांना पालक होता येत नसले तरी पालक कुटुंबाला हातभार लावता येतो. कोणी गणित शिकवावे, कोणी दवाखान्यात सोबत जावे.

आणि एक कळकळीची सूचना. मूल नसलेल्या जोडप्यांना एखाद्या प्रसूतिगृहातून 'परस्पर' मूल मिळवून देतो म्हणणारे दलाल भेटतात. स्टॅम्पपेपरवर सही करून, पैसे मोजून आणलेले असे मूल कायद्याने आपले होत नाही. रीत मोडून मूल देणाऱ्या-घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, आणि मुलाच्या विक्रीसाठी पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पुढे पोलीस आले तर मूलही जाते आणि अब्रूही. कोठे टाकलेले किंवा हरवलेले मूल दिसले तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो. अशा मुलाला चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. दया म्हणून घरी ठेवून घेणेही बरोबर नाही.

एका वाचनाने प्रत्येक घर दार उघडील अशी आमची अपेक्षा नाही. आपल्या समाजातून यंदा दहा घरांनी चौकशी केली, तीन घरांनी अर्ज केला, एका घरात एक मूल आले, तरी सुरुवात झाली असे आम्ही समजू. त्या एका घराकडे पाहून शेजारचे घर विचार करू लागेल. समाजाच्या गोष्टी अशाच पसरतात. चौकशी करू इच्छिणाऱ्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव द्यावे. कचेरीत सोबत यायला आमचे कार्यकर्ते तयार आहेत.

जय महाराष्ट्र! जय गरवी गुजरात!